पत्र्यावर चढलेला माणूस कुणाचा?
कामगार कायदा आणि सुरक्षा : लघुउद्योजकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. पगार, रजा, रजिस्टरं मागे पडतात आणि गळती, टाक्या, वायरिंग पुढे येतं. म्हणून या वेळी पहिला मान पत्र्याच्या प्रश्नाला.

प्रश्न : नाशिकच्या सातपूर वसाहतीत आमची शेड आहे. सिमेंटचे पत्रे वीस वर्षांचे झालेत. गळती काढायचं काम ठेकेदाराला दिलंय. माणसं त्याची, शिडी त्याची. अपघात झाल्यास सर्व जबाबदारी ठेकेदाराची, असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय. एवढं पुरे ना?

उत्तर : नाही, पुरे नाही. तो कागद तुमच्या आणि ठेकेदाराच्या आपसातल्या हिशेबापुरता. पत्र्यातून खाली पडलेल्या माणसाच्या घरच्यांवर तो बंधनकारक नाही. मूळ मालकाने आधी भरपाई द्यावी आणि मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी, अशी तरतूद भरपाईच्या कायद्यात पहिल्यापासून आहे. छपराची दुरुस्ती हा आमच्या धंद्याचा भाग नाही, असा बचाव वकील मांडतात आणि तो काही वेळा टिकतोही. पण तोवर वर्षं जातात. शिवाय शेड तुमची असल्याने भोगवटादार म्हणून जागा सुरक्षित ठेवण्याचं दायित्व तुमच्याकडेच राहतं. माणूस दगावला तर निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदतात, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पोलीस ठेकेदाराबरोबर जागामालकालाही विचारतात.

पैशाचा अंदाज हवा असेल तर हिशेब साधा आहे. मृत्यूसाठी मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसारचा गुणक. वेतनाची मर्यादा ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे १५,००० रुपये. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. महिन्याच्या आत दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा.

म्हणून काम सुरू होण्याआधी ठेकेदाराकडे दोन कागद मागा. वर चढणाऱ्या प्रत्येकाचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) क्रमांक आणि चालू चलन, किंवा ईएसआय नसेल तर कामगार भरपाईची विमा पॉलिसी. पॉलिसीत माणसांची संख्या आणि कामाचं वर्णन बघा. ‘पेंटिंग, चार माणसं’ एवढंच लिहिलेलं असेल आणि छपरावर सहा जण असतील तर विमा कंपनी तिथेच बोट ठेवेल.

आता खुद्द पत्रा. नवा सिमेंटचा पत्रा जेमतेम ६ मिलिमीटर जाडीचा असतो. वीस वर्षं ऊन-पाऊस खाऊन तो ठिसूळ होतो आणि वरून शेवाळ धरतो. ‘बोल्टच्या रेषेवरून चाल, खाली पर्लिन आहे’ (पर्लिन म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो तो आडवा आधार) असं जुने मिस्त्री सांगतात. पण बोल्टच्या भोकापासूनच पत्र्याला तडे जातात. शिवाय पाऊल अर्ध्या फुटाने जरी घसरलं, तरी वजन दोन पर्लिनच्या मधल्या पत्र्यावर येतं. त्याहून घातक असतात उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे. धूळ आणि डांबराचे हात बसल्यावर वरून ते सिमेंटच्या पत्र्यांसारखेच दिसतात. मात्र शेडमध्ये उभं राहून वर पाहिलं की ते स्पष्ट ओळखू येतात. म्हणून सकाळच्या उजेडात खालून ओळी मोजा, कागदावर छपराचा नकाशा काढा, फायबरच्या पत्र्यांवर फुल्या मारा आणि तो कागद वर जाणाऱ्याच्या हातात द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

वर चालायचं ते फळ्यांवरूनच. प्रत्येक फळी किमान तीन पर्लिनवर टेकलेली हवी, आणि अशा दोन हव्यात. एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवायची. एकच फळी दिली तर ती सरकवताना माणूस पत्र्यावर उतरतो, आणि पत्रा फुटतो तो नेमका तेव्हा.

हार्नेसबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे, म्हणून आकडे देतो. नेहमीची दोरी १.८ मीटर. झटका शोषणारा भाग उघडला की आणखी १.७५ मीटरपर्यंत लांबतो. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत साधारण १.५ मीटर. शिवाय पायाखाली १ मीटर मोकळी जागा ठेवायची. बेरीज सहा मीटरच्या पुढे. तुमची शेड कडेला ५ मीटर उंच असेल, तर हार्नेस घातलेला माणूसही जमिनीवर आदळेल. अशा शेडमध्ये दोरी इतकी आखूड ठेवायची की माणूस कडेपर्यंत किंवा फायबरच्या पत्र्यापर्यंत पोहोचूच नये. आणि पत्रा पायाखाली फुटण्याच्या धोक्यासाठी खाली जाळी ताणायची. दोरीचं टोक छप्पर तोलणाऱ्या कैचीच्या लोखंडाला बांधा. पत्र्याच्या हुक बोल्टला बांधलेली दोरी धक्क्यासरशी बोल्ट उपटून आणते.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे वर न चढणं. गळतीची बरीच कामं आतून, चाकांच्या मचाणावरून किंवा भाड्याच्या सिझर लिफ्टवरून होतात. भाडं जड वाटलं तर वरचा हिशेब पुन्हा वाचा.

प्रश्न : भोसरीला आमच्याकडे पिन क्लचच्या सहा पॉवर प्रेस आहेत, ४० टनांपर्यंतच्या. ज्यांचं जॉबवर्क करतो त्या कंपनीच्या तपासणीत लाइट कर्टन बसवा असं लिहून दिलंय. बसवलं की सुटलो का?

उत्तर : पिन क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेल्याचं ओळखणारा किरणांचा पडदा, बसवू नका. तपासणीवाल्यांनाही हे कारणासह लिहून कळवा. पिन एकदा फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे फिरत्या जड चाकात, अडकली की रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, पूर्ण फेरा मारूनच वर येतो. मध्येच थांबवण्याची सोय त्या यंत्रात नाही. कर्टनला हात दिसेल, तो सिग्नलही देईल, पण तो सिग्नल ऐकणारं प्रेसमध्ये काहीच नाही. ऑपरेटर मात्र कर्टनच्या भरवशावर हात आत घालायला लागतो. उघड्या प्रेसपेक्षा हे वाईट. दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांचंही काहीसं तसंच आहे. बटण दाबून हात सोडला की रॅम खाली येईपर्यंत हात डायपर्यंत (साच्यापर्यंत) पोहोचू शकतो.

पिन क्लचला उपाय आहे तो बंदिस्त गार्डचा. डायभोवती पक्का गार्ड, मालाची पट्टी आत जाईल एवढीच फट, आणि ती फट ६ मिलिमीटरच्या आत. सुटा जॉब हाताने ठेवायचा असेल तर फाटकाचा गार्ड लावा. फाटक पूर्ण खाली आल्याशिवाय पेडलची कडी सुटत नाही, आणि रॅम वर येईपर्यंत फाटक उघडत नाही. किंवा जॉब घसरपट्टीवर ठेवून आत सरकवण्याची सोय करा. चिमटा आणि मॅग्नेट जोडीला ठेवा, पण गार्डऐवजी नको. गार्डला पारदर्शक पॉलिकार्बोनेट किंवा उभ्या सळ्या लावा. ज्या गार्डमधून डाय दिसत नाही, तो दुसऱ्या पाळीला काढून कोपऱ्यात ठेवलेला सापडतो. नगावर पैसे देत असाल तर गार्ड लावून किती नग निघतात ते मोजून दर ठरवा. नाहीतर गार्ड काढायला तुम्हीच भाग पाडता.

लाइट कर्टन चालतं ते हवेवरच्या फ्रिक्शन क्लचवर, कारण ती प्रेस अर्ध्या फेऱ्यात थांबते. तिथेही अंतर मोजून बसवायचं. हाताचा वेग सेकंदाला १,६०० मिलिमीटर धरतात. प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असेल तर कर्टन डायपासून किमान ३२० मिलिमीटर, अधिक कर्टनच्या किरणांमधल्या अंतराची भर. ब्रेकची लायनिंग झिजली की थांबण्याची वेळ वाढते आणि हे अंतर अपुरं पडतं.

पिन क्लचचा दुसरा शत्रू म्हणजे दुहेरी स्ट्रोक, ज्याला शॉपवर ‘प्रेस आपोआप मारते’ म्हणतात. पिनची कड गोल झाली, तिची स्प्रिंग मेली किंवा ब्रेक ढिला पडला की एकदा पेडल दाबलं तरी रॅम दोनदा येतो. दर पाळीच्या सुरुवातीला डाय रिकामी ठेवून, हात लांब ठेवून, पेडल दाबून धरा. रॅम एकदाच येऊन वरच्या टोकाला थांबला पाहिजे. जरा पुढे सरकून थांबला तरी ब्रेक बघा. दोनदा आला तर प्रेस बंद, स्विचला कुलूप, किल्ली सुपरवायझरकडे. ‘एवढी ऑर्डर काढून घेऊ’ म्हणायचं नाही. पेडलवर छप्पर हवं, म्हणजे वरून काही पडून स्ट्रोक बसणार नाही. डाय बदलताना मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा आणि रॅमखाली ठोकळा लावूनच हात घाला.

बोट तुटलंच, तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या गॉझमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवलेलं बोट गोठतं आणि पुन्हा जोडता येत नाही. हे चार ओळींत लिहून प्रथमोपचार पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. बोट जोडणारं रुग्णालय जवळ कुठलं, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर अपघाताची सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यावी लागते. मृत्यू असेल तर लगेच. ईएसआयचा अपघात अहवाल २४ तासांत ऑनलाइन भरा. तो उशिरा गेला की ‘कामावरच लागलं का’ या प्रश्नावर कामगाराचा लाभ अडकतो. ईएसआय त्याला तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के देतं. ईएसआय नसेल तर भरपाई तुमच्या खिशातून: तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, अंगठा गेला तर ३० टक्के अपंगत्व धरतात.

प्रश्न : सांगली जिल्ह्यात आमचा दूध प्रक्रियेचा छोटा प्रकल्प आहे. सांडपाण्याच्या टाकीतला गाळ दर दोन वर्षांनी माणसं उतरवून काढतो. आधी पेटता कंदील सोडून बघतो. विझला नाही तर उतरतात. ही पद्धत कायद्याने चालते का?

उत्तर : कृपा करून ही पद्धत आजच थांबवा. कंदील फक्त ऑक्सिजन फार कमी आहे का एवढंच सांगतो. हायड्रोजन सल्फाइड माणूस मारण्याइतका असला तरी कंदील जळत राहतो. आणि गाळात मिथेन साठला असेल तर तोच कंदील स्फोट घडवतो. दुधाच्या सांडपाण्यात स्निग्ध आणि प्रथिनं भरपूर, त्यामुळे गाळ सडून हे दोन्ही वायू तयार होतात. वर सगळं ठीक असतं. खाली माणसाने गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो. कुजक्या अंड्याचा वास हीसुद्धा खूण नाही, कारण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. ‘वास गेला’ म्हणजे धोका वाढला, असं समजा.

गाळ बाहेरूनच काढायचा. पंप, सक्शन टँकर, पाण्याचा झोत. माणूस उतरवण्याची गरज बहुतेक वेळा यासाठी लागते की दोन वर्षं गाळ बसू दिलेला असतो. दर तीन-चार महिन्यांनी उपसा ठेवला तर पंपाला तो उचलता येतो.

उतरणं खरोखरच अटळ असेल, तर टाकी रिकामी करून, आत येणारे सगळे पाइप बंद करून, व्हॉल्व्हला कुलूप लावून, ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून हवा द्या. मग चार वायूंचं मीटर दोरीने वर, मध्ये आणि तळाशी सोडून बघा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या आत. मीटर उतरणाऱ्याच्या अंगावरच राहील, ब्लोअर चालूच राहील. दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको. अंगात हार्नेस, त्याची दोरी वरच्या तिपाईच्या रहाटाला, आणि वर एक माणूस ज्याला दुसरं काही काम नाही. त्याला एकच सूचना: आतला कोसळला तर रहाट फिरव, स्वतः उतरू नकोस. अशा अपघातांत एकामागून एक दोन-तीन जण जातात, ते वाचवायला उतरलेले असतात. वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन आत सोडून ‘हवा करणं’ तर अजिबात नको. कपड्यांवर ठिणगी पडली की ते भडकतात.

कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीला बंदिस्त जागेचे नियम लागतात. कामगारांच्या संडासाची सेप्टिक टँक असेल तर २०१३ चा हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदाही लागतो. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारं आणि सेप्टिक टँकमधल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली.

प्रश्न : नव्या कामगार संहिता आल्या म्हणतात. मग जुनी रजिस्टरं, जुने परवाने मोडीत काढायचे का? आमचा कारखाना ३५ माणसांचा आहे, कोल्हापूर.

उत्तर : नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. पण जुन्या कायद्यांखालचे नियम, परवाने, नोंदण्या नव्याशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात. राज्याचे स्वतःचे कायदे तर तसेच उभे आहेत: दुकाने व आस्थापना कायदा २०१७, माथाडी कायदा १९६९, सुरक्षारक्षकांचा १९८१ चा कायदा, कामगार कल्याण निधी, व्यवसाय कर. कारखान्याची व्याख्या आता विजेवर २० आणि विजेशिवाय ४० कामगारांची आहे. वीज वापरत असाल तर तुम्ही त्यात बसता.

ताबडतोब करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्या, हंगामी असला तरी. सोडून जाणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करा. ‘पुढच्या सातला ये’ आता चालत नाही. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागते.

आणि पगाराची फोड तपासा. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. समजा पगार ३०,०००: मूळ १०,०००, घरभाडे १२,०००, प्रवास भत्ता ८,०००. भत्ते २०,००० झाले, निम्मे १५,०००, म्हणजे जास्तीचे ५,००० वेतनात जातात. ग्रॅच्युइटीचा हिशेब मग १०,००० वर नाही, १५,००० वर.

प्रश्न : इचलकरंजीत आठ माणसांचं दुकान आहे. कामगार कल्याण निधीची नोटीस आली. हे कारखान्यांनाच नसतं का?

उत्तर : पाच किंवा जास्त माणसं असली की दुकानालाही असतं. २०२४ च्या दुरुस्तीनंतर दर सहामाहीला कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. ३० जून आणि ३१ डिसेंबरला पटावर असलेली माणसं मोजायची, १५ जुलै आणि १५ जानेवारीपर्यंत भरायचे. आठ जणांचे ८०० रुपये. त्याच बैठकीत व्यवसाय करही बघून घ्या. १०,००० च्या वर पगार असलेल्या पुरुषाचे महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. फेब्रुवारीचे वरचे शंभर कापायचे राहून जातात. महिलांना २५,००० पगारापर्यंत कर नाही. कापत असाल तर थांबवा.

प्रश्न : आमच्याकडे १४ कर्मचारी, त्यात दोनच महिला. लैंगिक छळविरोधी समिती खरंच नेमावी लागते? ठाण्यात ऑफिस आहे.

उत्तर : हो. दहा कर्मचाऱ्यांची मोजणी स्त्री-पुरुष मिळून होते. तुमच्या बाबतीत ज्येष्ठ महिला अध्यक्ष, दुसरी महिला आणि एक पुरुष सदस्य, शिवाय महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार बाहेरची एक व्यक्ती. बाहेरचा सदस्य नसेल तर समितीच बेकायदा ठरते आणि तिने केलेली चौकशी न्यायालयात टिकत नाही. मुदत तीन वर्षांची, मग नवीन आदेश. तक्रार तीन महिन्यांत यायला हवी (समिती आणखी तीन वाढवू शकते), चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, त्यावर कारवाई ६० दिवसांत. समिती नसेल तर ५०,००० पर्यंत दंड. दोनपैकी एकीबद्दलच तक्रार झाली किंवा तीच तक्रारदार असली तर तिच्या जागी कोण, हे नेमतानाच लिहून ठेवा. एवढ्या छोट्या ऑफिसात ते ऐनवेळी ठरवणं फार अवघड जातं.

प्रश्न : अग्निशामक सिलिंडरवर दरवर्षी स्टिकर लावून घेतो. अग्निशमन विभाग ‘नमुना ब’ मागतोय. तो काय?

उत्तर : २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचं असतं. तोच नमुना ब. वर्षाचं एक स्टिकर त्याची जागा घेत नाही. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा सोबत उभे राहा. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात असला तरी आतली पावडर दमट हवेने गोळा झालेली असू शकते, तेव्हा तो उघडून तपासायला सांगा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, त्याचं वजन करावं लागतं. सिलिंडरवर कोरलेल्या रिकाम्या वजनात भरलेल्या वायूचं वजन मिळवा, आणि वायू १० टक्क्यांहून जास्त कमी भरला तर पुन्हा भरून घ्या. वजनकाटा न आणता जो स्टिकर लावून जातो, त्याला सही देऊ नका.